उणे एक, शून्य, अधिक एक: कामगार कायदा मोजायचा तरी कसा?

पोटकलम (धागाकर्ता)

चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झाल्या, तेव्हापासून इथल्या प्रत्येक चर्चेत एक वाक्य हमखास येतं: "कामगारांच्या बाजूने कायदे केले की कारखानदारी आटते, हे अर्थशास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय." कुणी, कसं, कशावरून, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा.

ते वाक्य बहुतेक वेळा एकाच शोधनिबंधाकडे जातं. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस, दोघेही लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे. २००४ साली 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये छापून आला. कल्पना खरोखर हुशारीची आहे. औद्योगिक विवाद कायदा १९४७ हा केंद्राचा, पण कामगार हा विषय समवर्ती सूचीत, त्यामुळे राज्यं त्यात आपापल्या दुरुस्त्या करत आली. देश एक, मूळ कायदा एक, पण राज्यागणिक वळणं वेगळी. संशोधकाला याहून काय हवं! दोघांनी १६ राज्यांच्या १९५८ ते १९९२ मधल्या दुरुस्त्या वाचल्या आणि गुण दिले. कामगाराच्या बाजूची दुरुस्ती असेल तर अधिक एक, मालकाच्या बाजूची असेल तर उणे एक, इकडची ना तिकडची असेल तर शून्य. एका वर्षात एकाच दिशेच्या चार दुरुस्त्या झाल्या तरी गुण एकच. मग वर्षामागून वर्ष बेरीज करत जायचं.

निष्कर्ष असा की ज्या राज्यांची बेरीज अधिककडे गेली तिथे नोंदणीकृत कारखान्यांतलं उत्पादन, रोजगार, गुंतवणूक आणि उत्पादकता मागे पडली, बिगरनोंदणीकृत उद्योग वाढले आणि शहरी गरिबीही वाढली. पश्चिम बंगालने त्या दुरुस्त्या केल्या नसत्या तर १९९०मध्ये तिथलं नोंदणीकृत कारखान्यांचं उत्पादन सुमारे २४ टक्क्यांनी जास्त असतं, असा त्यांचा हिशोब. जागतिक बँकेपासून वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांपर्यंत सगळ्यांनी हा निबंध उचलून धरला.

आता दुसरा माणूस. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे आदित्य भट्टाचार्जी. २००६ साली त्यांनी या निबंधाची (आणि त्याच्या भावंडांची) तपासणी केली, आणि त्यासाठी थेट दुरुस्त्यांचा मजकूरच काढून बसले. गुणपत्रिकेत गुजरात 'कामगारांच्या बाजूचं' राज्य. कशामुळे? १९७३च्या एका दुरुस्तीमुळे. ती काय, तर कारखान्यातल्या संयुक्त व्यवस्थापन परिषदेवर मालकाने आपले प्रतिनिधी नेमले नाहीत तर रोज ५० रुपये दंड. बस. एवढ्यावर अधिक एक, आणि बेरीज पुढे चालूच राहते म्हणून १९९२पर्यंत गुजरात त्याच रांगेत. बंगालने छाटणीआधी सरकारी परवानगी घ्यायची मर्यादा थेट ५० कामगारांपर्यंत खाली आणली, त्या वर्षीही अधिक एकच! रोजचा ५० रुपये दंड आणि ५० कामगारांची मर्यादा, दोन्हींचं वजन सारखं.

पुढे ऐका. महाराष्ट्र कामगारांच्या बाजूचा, ओरिसाही. केरळ मात्र मालकांच्या बाजूचं. हो, केरळ. उत्तर प्रदेशाला शून्य, कारण त्याने केंद्रीय कायद्याला हात लावला नाही. हात कशाला लावेल, त्याचा स्वतःचा वेगळा औद्योगिक विवाद कायदा १९४७पासूनच होता.

संख्याशास्त्राची बाजूही आहे. प्रत्येक राज्याचा वर्षागणिक वाढ-घटीचा स्वतःचा कल (ट्रेंड) समीकरणात घातला की कायद्याचा परिणाम विरून जातो. हे मूळ निबंधातही दिसतं. लेखकांचं म्हणणं, तो कल कायद्यामुळेच तयार झाला. असेलही. पण त्याच काळात बंगालमध्ये घेराव होते, नक्षलबाडी होती, वीजटंचाई होती, पोलाद-कोळशाचे समान वाहतूक दर होते. यातलं काय कशामुळे झालं, हे अधिक एक-उणे एकवरून कसं वेगळं काढणार?

कायद्याचा परिणाम होतच नाही, असं मला म्हणायचं नाही. मालक कायद्याला प्रतिसाद देतो, पण तो छाटणीच्या अर्जात दिसत नाही, भरतीत दिसतो. शतकाच्या सुरुवातीला संघटित कारखान्यांतल्या कामगारांत कंत्राटी कामगार एक पंचमांशाच्या आसपास होते, आज वार्षिक उद्योग पाहणीत ते ४० टक्क्यांच्या वर आहेत. ही उडी कुठल्याही राज्याच्या दुरुस्तीत सापडत नाही. माझ्या मते खरा अभ्यास इथून सुरू व्हायला हवा होता.

कारखाना जवळून पाहिलेल्यांनी लिहावं. 'लाल बावटा' आणि 'भांडवलदारांचे दलाल' ही दोन्ही विशेषणं वापरून झाली आहेत असं समजू.


तिरकसराव

केरळ मालकधार्जिणं! ट्रकमधला माल दुसऱ्याने उतरवला तरी नुसतं बघत उभं राहिल्याचे पैसे मागायची प्रथा (नोक्कुकूली) जिथे होती ते राज्य? लंडनहून मल्याळी माणसाला एक फोन लावला असता तरी भागलं असतं.


भोसरीकर

छोटा व्हेंडर आहे, मशीनिंगची कामं करतो. तुमचा १०० आणि ३००चा आकडा (छाटणीआधी सरकारी परवानगी लागायची जुनी आणि नवी कामगारसंख्या) माझ्या स्वप्नातही येत नाही. माझा आकडा दहा. पॉवरवर चालणाऱ्या शेडमध्ये दहावा माणूस हजेरीपटावर आला की पूर्वी फॅक्टरी अ‍ॅक्ट लागायचा (नव्या संहितेत ती मर्यादा वीस), ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) अजूनही लागतो. वीस झाले की पीएफ. कायद्याला माझी ना नाही, माझ्या पोरांना दवाखाना मिळाला तर मलाच बरं. त्रास कायद्याचा नसतो, कायदा घेऊन येणाऱ्याचा असतो. रंगाची बादली चुकीच्या कोपऱ्यात आहे, चुना मारल्याची नोंद रजिस्टरमध्ये नाही, असलं काहीतरी काढायचं आणि मग "बघा, कसं करायचं ते" म्हणून गप्प बसायचं. म्हणून आमच्या ओळीतल्या निम्म्या शेडमध्ये कागदावर आठ-नऊच माणसं आहेत. बाकीचे 'शेजारच्या फर्मचे'. शेजारची फर्म वहिनींच्या नावावर.


पोटकलम (धागाकर्ता)

@भोसरीकर, तुम्ही जे लिहिलंय त्यावर नेमका अभ्यास आहे. अमृत अमीरपू आणि मायकेल गेक्टर, २०२०. २००५च्या आर्थिक गणनेतले आकडे घेऊन त्यांनी कुठल्या आकाराचे किती उद्योग आहेत ते मांडलं. दहा कामगारांच्या रेषेपलीकडे उद्योगांची संख्या एकदम घसरते, जणू दहावा माणूस घेतल्याबरोबर प्रत्येक माणसामागचा खर्च ३५ टक्क्यांनी वाढावा. कायद्यात लिहिलेल्या गोष्टींचा खर्च काही एवढा होत नाही. मग उरलेला कशाचा? जिथे भ्रष्टाचार जास्त तिथे हा खर्चही जास्त, असं त्यांना आढळलं. आणि गंमत म्हणजे १०० कामगारांच्या रेषेवर, ज्यावरून संसदेत एवढी भांडणं झाली, तिथे असा ठळक खड्डा दिसत नाही.


टाइमऑफिस

मी एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात टाइम ऑफिसला आहे. नाव विचारू नका, चाकण पट्टा एवढं पुरे.

१०० किंवा ३०० ही एचआर हेडची भाषा. आमच्या खोलीत आकडा एकच, २४०. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की माणूस 'सलग सेवेत' धरला जातो आणि मग त्याला सहज काढता येत नाही. म्हणून सॉफ्टवेअरमध्येच रंग ठरलेले आहेत. १८० दिवसांना पिवळा, २१०ला भगवा, २२५ला लाल. लाल झाला की ठेकेदाराच्या सुपरवायझरला यादी जाते. त्या पोराला सांगायचं, "गावाकडे जाऊन ये, पेरणी आटप, मग बघू." गेटपास जमा. महिन्या-दोन महिन्यांनी तोच पोरगा, तोच फोटो, ठेकेदार दुसरा, टोकन नंबर नवा. मशीनही कधीकधी तेच असतं, कारण लाइनचा सुपरवायझर मागे लागलेला असतो की मला तोच पाहिजे, नवीन माणूस रिजेक्शन वाढवतो.

त्यामुळे उत्पादकता का वाढत नाही यावर निबंध वाचले की मला ती लाल ओळ दिसते. हात बसला की माणूस बाहेर.

कंत्राटी, ट्रेनी, अ‍ॅप्रेंटिस, एफटीई (निश्चित मुदतीवर घेतलेले), असे चार रंगांचे शर्ट आहेत. परमनंटचा पाचवा. कँटीनची रांग एकच आहे, हे त्यातल्या त्यात बरं.


अ‍ॅडव्होकेट काका

धागा उत्तम. कामगार न्यायालयात आयुष्य गेलं, म्हणून थोडं लिहितो.

टाइमऑफिस, तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला सांगा की साप्ताहिक सुट्टी आणि पगारी सुट्ट्याही २४० मध्ये धरतात. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८५ सालीच सांगितलंय. तुमचा लाल रंग उशिरा लागत असेल तर पुढची केस आमच्याकडेच येणार.

धागाकर्त्याने एक महत्त्वाची गोष्ट सोडली. कायदा विधिमंडळात दुरुस्त होतो त्यापेक्षा जास्त न्यायालयात होतो. १९७६ साली पाचव्या-ब प्रकरणाने ३०० कामगारांच्या कारखान्यांना ले-ऑफ, छाटणी आणि कारखाना बंद करण्याआधी सरकारची परवानगी सक्तीची केली. त्यातलं कारखाना बंद करण्याबाबतचं २५-ओ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये एक्सेल वेअरच्या खटल्यात रद्द केलं. मग ते सुधारून परत आलं, मर्यादाही १०० वर आली, १९८४पासून. छाटणीचं २५-एन मीनाक्षी मिल्सच्या खटल्यात १९९२ मध्ये टिकलं. या सगळ्या काळात कुठल्याही राज्याने काहीही न करता प्रत्येक राज्यातला कायदा बदलत होता. बेस्ली-बर्जेसच्या वहीत याची नोंद कुठे? केंद्राचा बदल सगळ्यांना सारखा म्हणून सोडून दिला, हे समजू शकतो. पण निवाडे सगळीकडे सारखे लागू पडत नाहीत. जिथे संघटना बळकट तिथे ते वापरले जातात, बाकी ठिकाणी ते फाइलमध्ये झोपतात.

कंत्राटी कामगारांच्या उडीचंही तेच. १९७०चा कंत्राटी कामगार कायदा सांगायचा की कायमस्वरूपी कामात सरकार कंत्राट पद्धत बंद करू शकतं. बंद केल्यावर त्या कामगारांचं काय, याबद्दल कायदा गप्प. १९९६ मध्ये एअर इंडियाच्या निकालात न्यायालय म्हणालं, ते आपोआप मूळ मालकाचे कामगार. मालक हादरले. ऑगस्ट २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या प्रकरणात घटनापीठाने ते फिरवलं: आपोआप काही होत नाही. मी त्या वर्षी बार रूममध्ये होतो. मालकांच्या बाजूचे वकीलमित्र पेढे वाटायचेच बाकी होते. तुमचे ४० टक्के तिथून मोजा.

आणि जाता जाता, छाटणीची भरपाई किती ते कुणी मोजलंय का? दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. दहा वर्षं घासलेल्या माणसाला पाच महिन्यांचे पैसे. ही काही मालकाला बुडवणारी रक्कम नाही. अडचण परवानगीची होती. सरकार परवानगी देत नसे, मग वीजबिल थकवून लाइन तोडून घ्यायची, किंवा व्हीआरएसची पाकिटं वाटायची. बंद न झालेला कारखाना आणि पगार न मिळणारा कामगार, ही अवस्था मी अनेकदा पाहिली. त्यात कामगाराचंही भलं झालं नाही.


प्रतिगमन

इथे सगळे एका बाजूला झुकलेत म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. (अर्थशास्त्र शिकवतो. हो, तेच समीकरणवालं.)

एक: गुण देताना काही राज्यांची गल्लत झाली असेल, तरी गल्लत स्वैर असेल तर ती परिणाम शून्याकडे ओढते, फुगवत नाही. दोन: पुढे इतरांनी सुधारित गुण वापरूनही अभ्यास केले. अहसान आणि पाजेस यांनी २००९ मध्ये विवाद लांबवणाऱ्या दुरुस्त्या आणि नोकरीचं संरक्षण वाढवणाऱ्या दुरुस्त्या वेगळ्या केल्या, आणि दोन्हींचा रोजगार-उत्पादनावर वाईट परिणाम आढळला. तीन: भारतात मधल्या आकाराचे कारखाने कमी आहेत, ही वस्तुस्थिती आहे. २०१८-१९च्या आर्थिक पाहणीत आकडे आहेत. दहा वर्षांहून जुने आणि तरी १०० कामगारांच्या आत राहिलेले 'बुटके' उद्योग संघटित कारखान्यांत संख्येने निम्मे, पण रोजगारात १४ टक्के आणि उत्पादकतेत ८ टक्के. हे आपोआप झालेलं नाही.

टीका करणं सोपं. भट्टाचार्जींनी इमारत पाडली, पर्यायी कुठे बांधली?


पोटकलम (धागाकर्ता)

@प्रतिगमन, सर, तुमचा पहिला मुद्दा हजारो निरीक्षणं असतील तेव्हा मान्य. इथे राज्यं १६, त्यातली सहा तर दुरुस्ती न केलेली म्हणून कायम शून्यावर. उरलेल्या दहांत बंगाल आणि आंध्र दोन टोकांना. तिथे एका गुजरातची जागा बदलली तर ती 'स्वैर गल्लत' म्हणून सोडून देता येईल? गुजरात तर कारखानदारी वाढलेलं राज्य. तो 'कामगारांच्या बाजूने' मोजूनही निष्कर्ष तसाच आला, असं तुम्ही म्हणाल. मी म्हणेन की मग त्या गुणांमधून नेमकं काय मोजलं गेलं, हेच आपल्याला सांगता येत नाही.

अहसान-पाजेस मान्य. त्यांनी निदान दुरुस्त्यांचे प्रकार पाडले, ते पुढचं पाऊल आहे. पण तेही पुस्तकातल्या कायद्यावरच.

बुटक्यांबद्दल: ते १०० च्या रेषेला चिकटून उभे असते तर तुमचं म्हणणं पटलं असतं. राणा हसन आणि कार्ल जांडोक यांनी २०१२ मध्ये राज्यांची तुलना केली, 'कडक' आणि 'सैल' राज्यांत कारखान्यांच्या आकाराचं चित्र फारसं वेगळं निघालं नाही. फरक थोडा दिसला तो मनुष्यबळ जास्त लागणाऱ्या उद्योगांत. आपले बहुतेक बुटके भोसरीकरांच्या शेडएवढे आहेत. १०० पर्यंत पोचण्याआधीच थांबलेले.

पर्यायी इमारतीचा मुद्दा मात्र मला पटत नाही. डॉक्टरने रिपोर्ट चुकीचा आहे म्हणून सांगितलं तर त्यानेच नवा रिपोर्ट आणावा, असं आपण म्हणतो का?


प्रतिगमन

डॉक्टरने निदान दुसरी टेस्ट तरी सुचवावी! बरं, गुजरातचा मुद्दा चांगला आहे. पण राजस्थानने २०१४ मध्ये मर्यादा १०० ची ३०० केली, त्याबद्दल काय? आर्थिक पाहणीने त्याचाच दाखला दिलाय.


पोटकलम (धागाकर्ता)

राजस्थान हे एकच राज्य, बदलानंतरची मोजकी वर्षं, आणि त्याच दुरुस्तीत संघटना नोंदवण्याच्या अटीही बदललेल्या. घाई नको.


गिरणगावची

माझे आजोबा आणि वडील दोघेही लालबागच्या गिरणीत. अठरा जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. महाराष्ट्राला अधिक गुण मिळालेत हे वाचून हसू आलं, कारण आमच्या घरात ज्या कायद्याला शिव्या दिल्या जायच्या तो औद्योगिक विवाद कायदा नव्हताच. तो होता १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, सगळे 'बीआयआर' म्हणायचे. त्यात एका उद्योगाला एकच 'प्रातिनिधिक संघटना', आणि कापडगिरण्यांसाठी ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार डॉ. सामंतांच्या मागे अडीच लाखांनी गेले, पण करार करायचा कायदेशीर अधिकार दुसऱ्याकडेच राहिला. बोलायला माणूस एक, सही करायला दुसरा. संप औपचारिकपणे मागेसुद्धा घेतला गेला नाही.

देशातल्या सगळ्यात मोठ्या संपांपैकी एक, आणि तो ज्या कायद्याखाली झाला त्याची या मोजणीत ओळही नाही. १९७१चा आमचा अनुचित कामगार प्रथांचा कायदाही नाही, कारण तोही वेगळा. मग महाराष्ट्राचा गुण हा कुठल्या महाराष्ट्राचा?


अ‍ॅडव्होकेट काका

ताई, दंडवत. हा मुद्दा मी लिहायला हवा होता. १९७१च्या कायद्याखाली 'अनुचित प्रथा' म्हणून तक्रार करायला सरकारने वाद न्यायालयाकडे पाठवण्याची वाट बघावी लागत नव्हती, कामगार थेट न्यायालयात. मुंबई-पुण्यातल्या मालकांना त्याचा धसका विवाद कायद्यापेक्षा जास्त होता.


ओव्हरटाइम

सगळं वाचलं, अर्धं कळलं. साधा प्रश्न विचारतो. माझा भाऊ वाळूजला तीन वर्षांत चार ठेकेदारांकडे फिरला. मशीन एकच. नव्या संहितांमुळे त्याला काही मिळणार का?


अ‍ॅडव्होकेट काका

थोडक्यात. छाटणीच्या परवानगीची मर्यादा आता ३००, म्हणजे त्याखालच्या कारखान्यांना परवानगी लागणार नाही, नोटीस आणि भरपाई मात्र लागते. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी ५० माणसांपासून, आधी २० होते. संपाआधी १४ दिवसांची नोटीस आता सगळ्याच उद्योगांना. हे तिन्ही मालकाच्या बाजूने. भावाच्या उपयोगाचं एक आहे: निश्चित मुदतीची नेमणूक. थेट कंपनीचं पत्र, परमनंटएवढाच पगार आणि सवलती, आणि एक वर्ष पूर्ण झालं की ग्रॅच्युइटी, पाच वर्षांची अट नाही. चार ठेकेदार फिरण्यापेक्षा हे नक्कीच बरं, मिळालं तर.


प्रतिगमन

आणि मालकालाही कायम नेमणुकीची भीती न बाळगता थेट माणूस घेता येतो. ठेकेदाराचं कमिशन वाचतं. मला यात दोघांचा फायदा दिसतो. आकडे यायला दोन-तीन वर्षं लागतील.


टाइमऑफिस

आकडे यायचे तेव्हा येतील. आमच्याकडे निश्चित मुदतीची पत्रं निघायला लागलीत. मुदत ११ महिने.


भोसरीकर

😄 हुशार आहेत.


अ‍ॅडव्होकेट काका

टाइमऑफिस, नूतनीकरणाचं कलम काय लिहिलंय? मधे खंड किती दिवसांचा? कंपनीचं नाव खोडून तेवढा परिच्छेद इथे टाका. भाऊ वाळूजचा असो की चाकणचा, सगळा प्रश्न त्या परिच्छेदात आहे.


टाइमऑफिस

उद्या सेकंड शिफ्टला बघून टाकतो. खंड बहुतेक १५ दिवसांचा आहे. सॉफ्टवेअरवाल्याने नवा रंग मागितलाय, ३०० दिवसांसाठी.